घटक ७ : भाषिक संग्रहाचा सर्व्हर – डिस्कची विभागणी आणि साठवणुकीचे नियोजन

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
- युनिक्स-सदृश सर्व्हरवरील फाइलींची रचना आणि डिस्कचे विभाग यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
- भाषिक सामग्रीचे तिच्या स्वरूपानुसार वर्गीकरण करता येईल.
- ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि संहिता यांना लागणाऱ्या जागेचा हिशेब मांडता येईल.
- एका लहान भाषिक संग्रहासाठी डिस्कच्या विभागणीचा आराखडा तयार करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलींच्या अभ्यासात सामग्रीचे संकलन ही पहिली पायरी आणि तिचे जतन ही दुसरी. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींचे नमुने आजही आपण वाचू शकतो, कारण छापील ग्रंथ कपाटात पडून राहिला तरी टिकतो. संगणकावरील सामग्रीचे तसे नाही. ती कोठे ठेवली आहे, तिच्या शेजारी काय ठेवले आहे आणि तिची दुसरी प्रत कोठे आहे, यांवर तिचे आयुष्य ठरते.

येथे एक अनुभव नोंदवणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बोलींच्या ध्वनिमुद्रणांसाठी एक सर्व्हर बसवण्यात आला. त्या प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे होती. सर्व्हरची संपूर्ण डिस्क एकच विभाग म्हणून वापरली गेली होती. कार्यप्रणाली, संकेतस्थळाच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे काम आणि मूळ ध्वनिमुद्रणे सारे एकत्र होते. एके रात्री संकेतस्थळाच्या नोंदी अनावर वाढल्या आणि डिस्क काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थिनींनी काम जतन करताच त्यांच्या फाइली रिकाम्या झाल्या, कारण जुना मजकूर पुसला गेला आणि नव्याला जागा मिळाली नाही. सर्व्हर नीट चालेना म्हणून तंत्रज्ञाने कार्यप्रणाली नव्याने बसवली. एकच विभाग असल्यामुळे तो पुसणे म्हणजे सर्वच पुसणे होते. चंदगडी बोलीतील अकरा निवेदकांची मुद्रणे त्यात गेली. मुद्रणयंत्रातील कार्डे आम्ही पुढील दौऱ्यासाठी आधीच मोकळी केली होती. पुन्हा मुद्रण करण्यासाठी गावी गेलो, तेव्हा त्यांपैकी दोन वृद्ध स्त्रिया हयात नव्हत्या. त्यांच्या ओव्या आता कोठेही नाहीत.

या हानीत तंत्रज्ञाचा दोष थोडा होता. नियोजनाचा अभाव हे मुख्य कारण होते, आणि ते नियोजन संगणकतज्ज्ञाने एकट्याने करावयाचे नव्हते. कोणती सामग्री पुन्हा मिळवता येईल आणि कोणती कधीच येणार नाही, हे भाषेच्या अभ्यासकालाच ठाऊक असते. म्हणून हा विषय मराठीच्या विद्यार्थ्यानेही समजून घ्यावयास हवा.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ एक वृक्ष, अनेक डिस्का

घरगुती संगणकावर विंडोज प्रणालीत सी, डी अशी प्रत्येक विभागाला वेगळी अक्षरे दिलेली आपण पाहतो. युनिक्स आणि तिच्या धर्तीवरील लिनक्ससारख्या प्रणालींत अशी अक्षरे नसतात. तेथे सर्व फाइलींचा एकच वृक्ष असतो. त्याचे मूळ ‘/’ या तिरप्या रेघेने दर्शवतात आणि त्यातून डिरेक्टऱ्यांच्या फांद्या फुटतात. वेगळी डिस्क किंवा डिस्कचा वेगळा विभाग या वृक्षाच्या एखाद्या डिरेक्टरीवर जोडला जातो. या क्रियेला माउंट करणे असे म्हणतात. जोडणी झाल्यावर वापरणाऱ्याला त्या ठिकाणी निराळी डिस्क आहे हे जाणवतही नाही.

ही कल्पना युनिक्सइतकीच जुनी आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. या दोघांनी १९७४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या यंत्राला १ मेगाबाइटची एक स्थिर डिस्क, प्रत्येकी २.५ मेगाबाइटच्या बदलता येणाऱ्या चार डिस्का आणि ४० मेगाबाइटचा एक मोठा संच जोडलेला होता. एवढ्या तुटपुंज्या आणि भिन्न आकारांच्या डिस्का एका वृक्षात गुंफण्याची गरज त्या काळी स्वाभाविक होती. आज एकाच डिस्कवर लाखो मेगाबाइट मावतात; तरीही विभागणीचे प्रयोजन संपलेले नाही. त्या काळी लहान डिस्का एकत्र जोडावयाच्या होत्या. आज एका मोठ्या डिस्कमध्ये भिन्न स्वभावाची सामग्री परस्परांपासून अलग ठेवावयाची असते.

डिस्कच्या अशा स्वतंत्र भागाला पार्टिशन म्हणतात. या घटकात त्यासाठी ‘विभाग’ हा शब्द वापरला आहे.

७.२.२ वृक्षाच्या प्रमुख फांद्या

पुढील डिरेक्टऱ्यांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहितात. येथे ती उच्चारानुसार दिली आहेत.

१) मूळ ‘/’ – कार्यप्रणाली आणि तिची रचनाविषयक माहिती येथे असते. हा भाग पुन्हा बसवता येतो.

२) होम – वापरकर्त्यांच्या वैयक्तिक डिरेक्टऱ्या. विद्यार्थ्यांची लिप्यंतरे, टिपणे आणि अपूर्ण काम येथे साठते.

३) व्हार – ‘व्हेरिएबल’ या शब्दाचे संक्षिप्त रूप. सतत बदलणारी सामग्री येथे असते. सर्व्हरच्या दैनंदिन नोंदी ‘व्हार/लॉग’मध्ये, तर शब्दकोशासारख्या माहितीसाठ्याच्या फाइली सामान्यतः ‘व्हार/लिब’मध्ये असतात.

४) टेम्प – तात्पुरत्या फाइली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्या पुसल्या जाऊ शकतात. येथे ठेवलेले काम टिकेल असे गृहीत धरू नये.

५) एसआरव्ही – सर्व्हर इतरांना जी सामग्री उपलब्ध करून देतो तिच्यासाठीची जागा. भाषिक संग्रह ठेवण्यास ही योग्य होय.

लक्षात घ्या की या डिरेक्टऱ्या वृक्षात असतातच. त्यांपैकी कोणत्या स्वतंत्र विभागावर ठेवावयाच्या हा निर्णय आपला असतो. डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवताना असे पर्याय पुढे येतात: सर्व फाइली एकाच विभागात, होम वेगळे, अथवा होम, व्हार आणि टेम्प ही तिन्ही वेगळी. पहिला पर्याय सोपा दिसतो आणि नवशिक्याला तोच सुचवला जातो. प्रास्ताविकात वर्णिलेल्या सर्व्हरवर तोच निवडला गेला होता.

७.२.३ विभागणीचे तत्त्व

शेतकरी खाण्याचे धान्य आणि पेरणीचे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. दोन्ही धान्येच, पण एक रोज उपसावयाचे असते आणि दुसऱ्याला पुढील हंगामापर्यंत हात लावावयाचा नसतो. डिस्कच्या विभागणीचे तत्त्व हेच आहे. सामग्री किती मोठी आहे यापेक्षा तिचा स्वभाव काय आहे, हे आधी पाहावे. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या सामग्रीला तीन प्रश्न विचारावेत.

अ) नष्ट झाल्यास ती पुन्हा मिळेल काय? कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. ध्वनिमुद्रणावरून तयार केलेली एमपी-थ्री प्रत पुन्हा तयार करता येते. लिप्यंतर कष्टाने पुन्हा करता येते. मूळ ध्वनिमुद्रण मात्र पुन्हा मिळत नाही.

आ) ती किती वेगाने आणि किती अनिश्चितपणे वाढते? मूळ मुद्रणे क्षेत्रदौऱ्यांनुसार, म्हणजे अंदाज बांधता येईल अशा गतीने वाढतात. सर्व्हरच्या नोंदी मात्र एखाद्या बिघाडाने एका रात्रीत कित्येक पटींनी फुगू शकतात.

इ) तिच्यात कोण लिहितो? होममध्ये अनेक विद्यार्थी लिहितात, नोंदींमध्ये यंत्र लिहिते, मूळ संग्रहात मात्र केवळ संग्रहपालाने लिहावे. इतरांना तेथे वाचनाची अनुमती पुरेशी आहे.

ज्या दोन प्रकारांची उत्तरे भिन्न येतील ते भिन्न विभागांत ठेवावेत. विभागाच्या सीमेमुळे लॉग कितीही वाढला तरी तो आपल्या विभागातच अडतो. संग्रहाची जागा खाऊ शकत नाही. तसेच कार्यप्रणाली नव्याने बसवताना केवळ मूळ विभाग पुसून इतर विभाग जसेच्या तसे पुन्हा जोडता येतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढील सामग्रीला वरील तीन प्रश्न लावा: (क) एका कीर्तनकाराची मूळ ध्वनिमुद्रणे, (ख) त्यांचे लिप्यंतर, (ग) संकेतस्थळाच्या भेटींच्या नोंदी.

७.२.४ जागेचा हिशेब

विभागांचे आकार अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावेत.

संहिता. यूटीएफ-८ या संकेतन-पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून त्याला १५ बाइट लागतात. शब्दाची सरासरी लांबी सहा चिन्हे धरली आणि प्रत्येक शब्दामागे मोकळ्या जागेचा एक बाइट मिळवला, तर एका शब्दाला १९ बाइट होतात. या हिशेबाने एक कोटी शब्दांना सुमारे १९० मेगाबाइट पुरतात.

ध्वनी. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे मान धरावे. ४८,००० नमुने गुणिले ३ बाइट म्हणजे एका सेकंदाला १,४४,००० बाइट, आणि एका तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट. मुद्रण दुहेरी वाहिनीवर असेल तर याच्या दुप्पट. थोडक्यात, एका तासाच्या बोलण्याला अडीच कोटी लिखित शब्दांहून अधिक जागा लागते. भाषिक संग्रहाचे आकारमान लिपी नव्हे, तर वाणी ठरवते.

प्रतिमा. ए-फोर आकाराचे पान ३०० बिंदू प्रति इंच या मानाने रंगीत टिपले, तर असंकुचित स्वरूपात सुमारे २६ मेगाबाइट होते.

चलच्चित्र. प्रति सेकंद १० मेगाबिट या मानाने एका तासाला ४.५ गिगाबाइट लागतात.

आता एक नमुना घेऊ. चाळीस गावे, प्रत्येक गावातील पंचवीस निवेदक आणि प्रत्येकाचे एक तासाचे एकेरी वाहिनीचे मुद्रण म्हणजे एकूण १,००० तास, अर्थात ५१८ गिगाबाइट. त्यांपैकी १०० तासांचे चलच्चित्रण ४५० गिगाबाइट. हस्तलिखितांची १०,००० पाने सुमारे २६१ गिगाबाइट. एकूण मूळ सामग्री सुमारे १,२३० गिगाबाइट, म्हणजे १.२३ टेराबाइट. सर्व ध्वनिमुद्रणांच्या १२८ किलोबिटच्या एमपी-थ्री प्रतींना केवळ ५८ गिगाबाइट लागतील.

हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, डिस्कवर छापलेले ‘४ टेराबाइट’ दशमान पद्धतीचे असते. अनेक प्रणाली द्विमान पद्धतीने मोजून तेच सुमारे ३.६४ असे दाखवतात. जागा हरवलेली नसते. मोजमाप बदललेले असते. दुसरी, लिनक्समध्ये प्रचलित असलेली ‘ईएक्सटी-४’ ही फाइल सिस्टिम प्रत्येक विभागातील ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवते. मूळ विभागासाठी ही तजवीज हितकारक आहे. २ टेराबाइटच्या संग्रहविभागात मात्र ती १०० गिगाबाइट होते. तेथे हे प्रमाण कमी करता येते.

७.२.५ जागा असूनही जागा नाही

डिस्क दोन प्रकारे भरते. ईएक्सटी-४ मध्ये प्रत्येक फाइलीसाठी आयनोड नावाची एक नोंद लागते, आणि आयनोडांची संख्या विभाग तयार करतानाच ठरते. सर्वसाधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक आयनोड असतो. म्हणजे २० गिगाबाइटच्या विभागात सुमारे १२ लाख २० हजार आयनोड होतात. समजा, एखाद्या अभ्यासकाने आपल्या संग्रहातील प्रत्येक वाक्य स्वतंत्र फाइलीत ठेवले आणि अशा तेरा लाख फाइली करावयास घेतल्या. प्रत्येक लहान फाइल किमान ४ किलोबाइट जागा अडवते; तरीही या साऱ्यांना फार तर साडेपाच गिगाबाइट लागतील. परंतु त्यापूर्वीच आयनोड संपतील, आणि विभागाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग मोकळा असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येईल.

मोकळी जागा ‘डीएफ’ या आज्ञेने पाहतात. तिला ‘-आय’ जोडले की शिल्लक आयनोड दिसतात. दोन्ही पाहण्याची सवय ठेवावी. उपाय सोपा आहे: वाक्ये एका मोठ्या फाइलीत ओळीओळीने अथवा माहितीसाठ्यात ठेवावीत.

फाइलीच्या नावालाही मर्यादा आहे. या फाइल सिस्टिममध्ये नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते. रोमन लिपीत ती २५५ अक्षरे होतात; देवनागरीत मात्र ८५ चिन्हे. काने, वेलांट्या आणि हलन्तही त्यात मोजले जातात. म्हणून गाव, निवेदक, विषय आणि दिनांक हे सारे नावात कोंबण्याऐवजी फाइलीला लहान क्रमांक द्यावा आणि तपशील वेगळ्या सूचीत नोंदवावा.

७.२.६ नमुना आराखडा

वरील संग्रहासाठी ४८० गिगाबाइटची एक वेगवान डिस्क आणि ४ टेराबाइटच्या दोन डिस्का उपलब्ध आहेत असे समजू. मोठ्या दोन डिस्का परस्परांचे प्रतिबिंब म्हणून चालवल्या, तर वापरण्याजोगी जागा ४ टेराबाइट राहते.

तक्ता क्र. ७.१ : विभागणीचा नमुना

| विभाग | आकार | प्रयोजन |
|---|---|---|
| सर्व्हर सुरू होण्यासाठीचे दोन विभाग | २ गिगाबाइट | आरंभीच्या फाइली |
| मूळ ‘/’ | ४० गिगाबाइट | कार्यप्रणाली |
| स्वॅप | ८ गिगाबाइट | स्मृतीला पूरक जागा |
| व्हार | ८० गिगाबाइट | शब्दकोशाचा माहितीसाठा |
| व्हार/लॉग | २० गिगाबाइट | दैनंदिन नोंदी |
| टेम्प | २० गिगाबाइट | तात्पुरत्या फाइली |
| होम | १०० गिगाबाइट | विद्यार्थ्यांचे काम |
| राखीव (वेगवान डिस्क) | सुमारे २१० गिगाबाइट | पुढील वाढ |
| एसआरव्ही/मूळ-संग्रह | २ टेराबाइट | मूळ मुद्रणे व प्रतिमा |
| एसआरव्ही/साधित | ३०० गिगाबाइट | एमपी-थ्री व लहान प्रतिमा |
| राखीव (मोठ्या डिस्का) | सुमारे १.७ टेराबाइट | पुढील दौरे |

या तक्त्यात बरीच जागा कोणालाच दिलेली नाही. ती उधळपट्टी नव्हे. ‘एलव्हीएम’ या व्यवस्थेत विभागाचा आकार नंतर वाढवता येतो, आणि ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम वापरात असतानाही विस्तारता येते. लहान करणे मात्र कठीण असते. त्यासाठी विभाग आधी वृक्षापासून सोडवावा लागतो. म्हणून प्रारंभी गरजेपुरते द्यावे आणि उरलेले हाताशी ठेवावे.

मोठ्या डिस्कांसाठी विभागांची नोंद ठेवण्याची ‘जीपीटी’ ही पद्धत वापरावी. ‘एमबीआर’ ही जुनी पद्धत ५१२ बाइटांच्या खंडांच्या डिस्कवर सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा हाताळू शकत नाही.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. काही कारणाने संग्रहाचा विभाग जोडला गेला नाही, तरी ज्या डिरेक्टरीवर तो जोडावयाचा ती रिकामी डिरेक्टरी वृक्षात असतेच. त्या वेळी नव्या फाइली तिच्यात, म्हणजे मूळ विभागात साठू लागतात. पुढे विभाग पुन्हा जोडला की त्या त्याच्याखाली झाकल्या जातात आणि हरवल्याचा भास होतो. म्हणून मुद्रणे उतरवण्यापूर्वी विभाग जोडलेला आहे याची खात्री करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
६०० तासांची दुहेरी वाहिनीची मुद्रणे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मानाने साठवण्यास किती जागा लागेल?

७.२.७ विभागणी म्हणजे सुरक्षा नव्हे

विभागणीने एका सामग्रीचा उपद्रव दुसरीला होत नाही. पण डिस्कच निकामी झाली तर तिच्यावरील सर्व विभाग एकदम जातात. दोन डिस्कांच्या प्रतिबिंबामुळे एका डिस्कचा बिघाड सोसता येतो. पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. प्रतिबिंब हा बॅकअप नव्हे.

जतनाचा व्यवहारात रूढ असलेला नियम असा: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी. महाविद्यालयाच्या इमारतीला आग लागली किंवा तळमजल्यात पाणी शिरले, तर त्याच खोलीतील दुसरी डिस्क काय कामाची? विभागणी नीट केलेली असेल तर बॅकअपचे कामही सुकर होते. मूळ-संग्रहाची प्रत प्रत्येक दौऱ्यानंतर, होम आणि माहितीसाठ्याची रोज, तर साधित प्रतींची न घेतली तरी चालते.

मूळ फाइल संग्रहात दाखल करताना तिचा ‘चेकसम’, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदवावा. पुढे तोच ठसा पुन्हा काढून ताडून पाहिला की फाइलीत एखादाही बाइट बदलला असल्यास ध्यानात येते. मुद्रणयंत्रातील कार्ड मोकळे करण्याची वेळ यावरूनच ठरवावी: दोन स्वतंत्र ठिकाणच्या प्रतींचे ठसे जुळेपर्यंत कार्ड पुसू नये. वर वर्णिलेल्या प्रकल्पात हा एक नियम पाळला असता, तरी विभागणी चुकूनही त्या ओव्या वाचल्या असत्या.

७.३ सारांश

युनिक्स-सदृश प्रणालीत सर्व विभाग एकाच वृक्षाला जोडले जातात. कोणती फांदी स्वतंत्र विभागावर ठेवावी हे सामग्री पुन्हा मिळेल काय, ती कशी वाढते आणि तिच्यात कोण लिहितो, या तीन प्रश्नांवरून ठरवावे. भाषिक संग्रहात जागेचा मोठा वाटा ध्वनी, चलच्चित्र आणि प्रतिमा यांचा असतो, संहितेचा अत्यल्प. जागेबरोबर आयनोडांचाही हिशेब ठेवावा. काही जागा राखून ठेवावी. विभागणीला बॅकअपची आणि ठशांच्या पडताळणीची जोड द्यावी. बियाणे वेगळ्या कणगीत ठेवावे, आणि त्यातले थोडे शेजारच्या घरीही.

७.४ पारिभाषिक शब्द

विभाग – डिस्कचा स्वतंत्र सीमा असलेला भाग, पार्टिशन.
माउंट करणे – विभाग वृक्षातील डिरेक्टरीवर जोडणे.
आयनोड – फाइल सिस्टिममधील प्रत्येक फाइलीची नोंद.
साधित प्रत – मूळ सामग्रीवरून तयार केलेली, पुन्हा करता येण्याजोगी प्रत.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (क) पुन्हा मिळत नाहीत, गती अंदाजता येते, केवळ संग्रहपाल लिहितो – मूळ-संग्रह. (ख) कष्टाने पुन्हा करता येते, गती मध्यम, अनेक विद्यार्थी लिहितात – होम. (ग) गमावल्यास मोठी हानी नाही, वाढ अनिश्चित, यंत्र लिहिते – व्हार/लॉग.
प्रश्न २ : सुमारे ६२२ गिगाबाइट.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘विभागणीचे तत्त्व सामग्रीच्या आकारात नसून तिच्या स्वभावात आहे.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२) प्रतिबिंब आणि बॅकअप यांतील भेद सांगा.
३) डिस्कवर जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही, याचे कारण व उपाय लिहा.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरी किंवा परिसरात असलेल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या ध्वनिमुद्रणाचा शोध घ्या. ते मोबाइलमध्ये असले तरी चालेल. त्याच्या किती प्रती आहेत, त्या कोठे आहेत आणि त्यांपैकी कोणती प्रत मूळ आहे, याची नोंद करा. एकच प्रत असल्यास नोंद लिहिण्यापूर्वी दुसरी प्रत तयार करा.